कारमध्ये ३६० डिग्री कॅमेरा आला, पण साइड मिररमध्ये अजूनही दिसतो तो स्वतःचाच दरवाजा!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिक–पुणे रस्त्यावर चाकणजवळ मी बाबांची हॅचबॅक चालवत होतो. संध्याकाळची वेळ, कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, रस्ता गच्च भरलेला. डाव्या हाताला पेट्रोल पंप दिसला. डावा इंडिकेटर दिला, डाव्या आरशात बघितलं, कुणी नव्हतं. स्टिअरिंग वळवलं आणि शेजारूनच जोरात हॉर्न वाजला. मी कचकन ब्रेक दाबला. एक बाईक माझ्या मागच्या दरवाजाला घासून थांबली.

बाईकवाला पडला नाही, हे नशीब. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, टाकीवर डब्याची बॅग. आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "दादा, इंडिकेटर दिला तुम्ही, कबूल. पण मी आधीपासून तुमच्या शेजारीच होतो ना!"

त्या रात्री बिल्डिंगखाली गाडी लावली आणि सीटवर बसूनच डावा आरसा नीट बघितला. जवळजवळ अर्ध्या काचेत आमच्याच गाडीचा मागचा दरवाजा, हँडल आणि पत्रा. उरलेल्या अर्ध्यातला बराच भाग आकाशाने खाल्लेला. रस्ता म्हणाल तर एक चिंचोळी पट्टी. म्हणजे वळण्याआधी मी आरशात बघितलं होतं, पण आरसाच मला चुकीची जागा दाखवत होता. लायसन्स काढून मला चार वर्षं झाली होती. ड्रायव्हिंग शिकताना "आरशात बघत जा" असं शंभर वेळा ऐकलं होतं. आरसा कुठे वळवून ठेवायचा, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

हा विषय आत्ताच का?

कारण सध्या नवीन कार घेताना आपण फीचर्सची यादी मोबाइलसारखी वाचतो. कॅमेरे किती, स्क्रीन किती इंची, अडास आहे का. आणि ही फीचर्स आता फक्त महागड्या गाड्यांत राहिलेली नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही थ्रीएक्सओच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ३६० डिग्री कॅमेरा आणि लेव्हल २ अडास मिळतं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नवीन होंडा अमेझमध्येही अडास आहे. शिवाय डाव्या आरशाखाली एक कॅमेरा आहे. डावा इंडिकेटर दिला की गाडीच्या डाव्या बाजूचं दृश्य स्क्रीनवर येतं. ह्युंदाई आणि कियाच्या काही मॉडेल्समध्ये हेच दृश्य स्पीडोमीटरच्या जागी दिसतं.

सरकारनेही काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स पार्किंग सेन्सर, ड्रायव्हर एअरबॅग, सीट बेल्ट रिमाइंडर आणि स्पीड अलर्ट द्यावाच लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे स्टार सुरू झाले. "किती स्टार आहेत?" हा प्रश्न आता शोरूममध्ये मायलेजच्या बरोबरीने विचारला जातो. हे चांगलंच आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे स्टार मुख्यतः धडक झाल्यावर गाडीच्या आत बसलेले लोक कितपत वाचतील, हे सांगतात. मोठ्यांचं संरक्षण, मुलांचं संरक्षण असे गुण त्यात असतात. माझ्या मागच्या दरवाजाला घासलेला तो बाईकवाला या स्टारच्या हिशोबात जवळपास नाहीच. त्याच्यासाठी माझ्या गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण होतं तो डावा आरसा. आणि तो मी चुकीचा लावला होता.

आता आकडे बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि साधारण १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर दहापैकी सहाहून जास्त जण कारच्या किंवा ट्रकच्या आत बसलेलेच नव्हते. हे सगळे आरशामुळे गेले असं कुणी म्हणणार नाही. पण आपल्या रस्त्यावर कोण जास्त मरतं, हे यातून कळतं. आणि आरशाच्या ब्लाइंड स्पॉटमध्ये सगळ्यात सहज मावणारं वाहनसुद्धा दुचाकीच आहे. अख्खी बस तिथे लपत नाही, स्कूटर लपते.

आरसा म्हणजे ०.५एक्स कॅमेरा

नववीच्या विज्ञानात बहिर्वक्र आरसा शिकलो होतो, आठवतंय? पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला फुगलेला, प्रतिमा लहान आणि सुलट. "उपयोग: वाहनांचे आरसे" हे उत्तर लिहून मार्क मिळाले आणि विषय संपला.

मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर बहिर्वक्र आरसा म्हणजे ०.५एक्सची अल्ट्रावाइड लेन्स. ग्रुप फोटोत सगळे बसतात, पण माणसं छोटी आणि लांब उभी असल्यासारखी दिसतात. साइड मिररचं तसंच आहे. जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. "आरशात दिसतं त्यापेक्षा वाहन जवळ आहे" अशा अर्थाची इंग्रजी ओळ काही गाड्यांच्या आरशावर कोरलेली असते, ती याचसाठी. अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट ठेवावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला बहिर्वक्र लावला तर ही ओळ लिहावीच लागते. आपल्याकडच्या बऱ्याच कारमध्ये बाहेरचे दोन्ही आरसे बहिर्वक्र असतात.

गाडीच्या आतला, मधला आरसा मात्र सपाट असतो. म्हणजे तो १एक्स. त्यातलं अंतर खरं वाटतं. यातून एक सोपी सवय लावता येते. बाजूच्या आरशातून फक्त "कुणी आहे का?" एवढं बघायचं. "किती जवळ आहे?" हे शक्य तेव्हा मधल्या आरशातून ठरवायचं. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज फक्त साइड मिररवरून घेतला तर तो चुकणारच.

चला, आरसे लावूया

हे सगळं गाडी उभी असताना करायचं. चालत्या गाडीत आरशाचं बटण शोधणं म्हणजे चालत्या गाडीत मेसेज टाइप करण्यासारखंच.

१) आधी सीट. पाठ टेकवून, नेहमी बसता तसे बसा. सीटची उंची, पुढे-मागे, पाठीचा कोन सगळं आधी ठरवा. आरसे लावून झाल्यावर सीट हलवली तर सगळं परत करावं लागेल.

२) मधला आरसा. काचेला बोटं न लावता कडा धरा. मागची पूर्ण काच त्या आरशात बसली पाहिजे. तुमचे केस किंवा चेहरा दिसत असेल तर आरसा चुकलाय. मागच्या काचेवर काळी जाळी, सीटच्या वरपर्यंत रचलेल्या बॅगा, आरशाला लटकवलेली झुंबरं यांनी हा आरसा निम्मा बंद होतो. आरशाखाली छोटी खिट्टी असेल तर ती रात्रीसाठी असते. मागच्या गाडीचा प्रखर लाइट तिने मंद होतो. सकाळी ती परत जागेवर आणायला विसरू नका.

३) उजवा आरसा. सरळ बसून बघा. आरशाच्या आतल्या कडेला तुमच्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी, बोटभर पुरे. क्षितिज म्हणजे रस्ता आणि आकाश मिळतात ती रेषा साधारण मधोमध असावी.

४) डावा आरसा. हाच नियम, पण इथे जास्त काळजी घ्या. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे हा आरसा डोळ्यांपासून लांब असतो आणि काचेत कमी रस्ता मावतो. आणि आपल्या रस्त्यावर दुचाकी, सायकल, रिक्षा बऱ्याचदा डावीकडूनच येतात.

डावा आरसा गर्दीत घासू नये म्हणून दुमडून चालवणारे काका तुम्ही पण बघितले असतील. आमच्याच घरात होते, माझे बाबा! जुन्या स्वस्त गाड्यांच्या बेस मॉडेलला तर डावा आरसाच येत नसे, त्यामुळे त्याशिवाय चालवायची एका पिढीला सवय लागली. बाबांशी वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि स्वतः स्कूटर घेऊन मागच्या दरवाजाशी उभा राहिलो. "बाबा, मी दिसतोय का?" "नाही रे." तेव्हापासून आमच्या गाडीचा आरसा उघडा असतो.

"गाडी अजिबात दिसू नये" हे खरं का?

आरसे लावण्याच्या रील्स बघितल्या असतील तर तुम्ही म्हणाल, "अरे, पण त्यात तर सांगतात की स्वतःची गाडी आरशात दिसताच कामा नये." या पद्धतीमागे अभ्यास आहे. १९९५ मध्ये जॉर्ज प्लॅट्झर यांचा शोधनिबंध अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सने प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं की बरेच लोक तिन्ही आरशांत तोच तो मागचा रस्ता बघतात. बाजूचे आरसे आणखी बाहेर वळवले तर मधल्या आरशाचं दृश्य जिथे संपतं तिथून साइड मिररचं सुरू होतं.

आपल्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगसाठी ही पद्धत अशी. उजव्या आरशासाठी डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि स्वतःची गाडी आरशात जेमतेम दिसेल इतपत आरसा बाहेर वळवा. डाव्यासाठी डोकं दोन्ही पुढच्या सीटच्या मधोमध आणा आणि तेच करा. परत सरळ बसलात की तुमची गाडी आरशातून गायब होते.

मी दोन्ही सेटिंग बरेच दिवस वापरून बघितली. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जिथे प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये चालतो, प्लॅट्झर यांची पद्धत मस्त चालते. शेजारच्या लेनमधली गाडी मधल्या आरशातून साइड मिररमध्ये आणि तिथून डोळ्याच्या कोपऱ्यात, अशी न हरवता सरकते.

पण पुण्या-मुंबईच्या गर्दीत गणित बदलतं. ही पद्धत लेन पाळणाऱ्या ट्रॅफिकचा विचार करून बनलेली आहे. आपल्याकडे स्कूटर शेजारच्या लेनमध्ये नसते, ती तुमच्या दरवाजापासून हातभर अंतरावर असते. आरसा पूर्ण बाहेर वळवला तर गाडीच्या मागच्या कोपऱ्याला चिकटून येणारी दुचाकी साइड मिररमध्ये येत नाही, आणि ती खाली असल्याने मधल्या आरशातही नीट येत नाही. शिवाय स्वतःची गाडी दिसत नसल्यामुळे समोरचा किती जवळ आहे, याचा संदर्भच हरवतो. अरुंद गल्लीत पार्क करतानाही तीच अडचण.

म्हणून माझं मत असं: शहरात गाडीची बोटभर पट्टी ठेवा. लांबच्या हायवेला निघताना पाहिजे तर आरसे थोडे आणखी बाहेर घ्या, पण निघायच्या आधी, सवय करून. अर्धा दरवाजा दाखवणारं सेटिंग मात्र कुठेच बरोबर नाही.

आणि कुठलंही सेटिंग केलंत तरी एकदा तपासा. गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि मित्राला बाईक किंवा सायकल घेऊन मागून हळूहळू पुढे यायला सांगा, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. तो ज्या क्षणी तिन्ही आरशांतून आणि नजरेतूनही गायब होईल, तिथे थांबवा. तो तुमचा ब्लाइंड स्पॉट. एकदा डोळ्यांनी बघितलात की विसरणार नाही. लेन बदलण्याआधी मान वळवून का बघायचं, हेही तेव्हाच पटतं. ती नजर एका क्षणाचीच असावी. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते.

मग कॅमेरा काय कामाचा?

कामाचा आहेच. माझ्या गाडीत डाव्या बाजूचा कॅमेरा असता तर कदाचित तो बाईकवाला मला दिसला असता. पण फीचर घेताना त्याच्या मर्यादाही माहीत हव्यात.

पहिली: यातले बरेच कॅमेरे इंडिकेटर दिल्यावरच सुरू होतात. आणि आपल्याकडे इंडिकेटर वळताना देतात, वळण्याआधी नाही. दुसरी: पावसात आणि चिखलात लेन्सवर थेंब बसला की चित्र धूसर. आरशावरचा थेंब लगेच लक्षात येतो, कॅमेऱ्यावरचा ऐन वेळी कळतो. तिसरी: आरशात डोकं थोडं हलवलं की थोडा नवा भाग दिसतो. स्क्रीनसमोर कितीही मान हलवली तरी चित्र तेच. चौथी: बंपरमधल्या रडारवर चालणारा ब्लाइंड स्पॉटचा दिवा हा मदतनीस आहे, निर्णय तुमचाच. तो पेटला नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे असा होत नाही.

जगात काही ठिकाणी आरसाच काढून टाकण्याचे प्रयोग झाले आहेत. जपानने २०१६ मध्ये आरशाऐवजी कॅमेऱ्याला परवानगी दिली आणि २०१८ मध्ये तिथल्या लेक्सस ईएसला बाहेर आरशांच्या जागी छोटे कॅमेरे मिळाले. चीनमध्येही जुलै २०२३ पासून ही परवानगी आहे. दुसरीकडे, आरसे फिरवण्याची बटणंही स्क्रीनमध्ये जाऊ लागली आहेत. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलेल्या टेस्लाच्या गाड्यांत आरसा हलवायला आधी टचस्क्रीनवर पर्याय निवडावा लागतो आणि मग स्टिअरिंगवरची बटणं वापरावी लागतात. ड्रायव्हरप्रमाणे सेटिंग सेव्ह होतं, ही यातली खरी सोय. आपल्याकडे एकच गाडी बाबा, आई, ताई आणि मी असे चौघं चालवतो, आणि प्रत्येकाची उंची वेगळी. ज्या गाडीत हे फीचर नाही, त्यात प्रत्येकाने बसल्यावर आरसे स्वतः लावणं हाच उपाय. गाडी धुऊन आली किंवा सर्व्हिसिंगहून आली की तर नक्कीच बघा.

फीचरवर लाखभर रुपये जास्त देणं वाईट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शोरूममध्ये डिलिव्हरी घेताना ब्लूटूथ जोडून देतात, सनरूफ उघडून दाखवतात, फोटो काढतात. त्याच वेळी "बसा, तुमचे आरसे लावून देतो" असं म्हणायला दोन मिनिटं लागतील. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या दिवशी क्लचच्या आधी हे शिकवता येईल. याला ना नवीन कायदा लागतो, ना चिप.

बाईकवाल्यांसाठी दोन गोष्टी

तुमच्यापैकी बरेच जण कारपेक्षा बाईकवर जास्त असता, मीही. म्हणून हे खास आपल्यासाठी.

पहिली गोष्ट प्रकाशाच्याच नियमातून येते. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. त्यामुळे पुढच्या कारच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही त्या आरशात तुम्ही दिसत नाही आहात. अशा जागेवर रेंगाळू नका. एकतर पुढे निघा किंवा मागे राहा. बस आणि ट्रकच्या डाव्या बाजूला तर थांबूच नका, तिथे ड्रायव्हरला न दिसणारी जागा कारपेक्षा खूप मोठी असते.

दुसरी, बाईकचे आरसे "लूक खराब होतो" म्हणून काढून टाकू नका. तुमच्या मागेही कुणीतरी आहे.

त्या बाईकवाल्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तो आधीपासून शेजारीच होता. आज रात्री गाडी पार्क केलीत की उतरण्याआधी दोन मिनिटं बसा आणि डावा आरसा बघा. त्यात तुमचा दरवाजा किती आणि रस्ता किती, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि ही लिंक घरच्या फॅमिली ग्रुपवर पाठवा, विशेषतः आरसा दुमडून चालवणाऱ्या काकांना.